मोठ्या गोड्या पाण्याच्या टाकीसाठी पंप आणि प्रवाह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन-चार फुटांच्या टाकीपर्यंत दुकानदाराने दिलेला फिल्टर लावला तरी निभावून जातं. टाकी पाच-सहा फुटांची झाली की प्रश्नांचं स्वरूप बदलतं. सम्प (टाकीखाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी) करायचा का, पाइप किती इंची घ्यायचा, पंप किती लिटरचा, लाइट गेली तर काय, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. एका प्रश्नाचं उत्तर चुकलं की बाकीची आपोआप चुकतात. खालचे सगळे हिशेब एकाच टाकीवर केले आहेत: सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. घरात मोठी टाकी बनवून घेणारे बरेच जण हेच माप निवडतात. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदला, रीत तीच राहील.

माझ्या टाकीत नेमकं पाणी किती?

लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि २८.३ ने गुणा. आपल्या टाकीचे २४ घनफूट होतात, म्हणजे साधारण ६८० लिटर. पण हे झालं रिकाम्या डब्याचं माप. वरची दोन इंच मोकळी राहतात, तळाला वाळू किंवा खडी असते, दगड आणि लाकूड जागा अडवतात. प्रत्यक्षात ५७० ते ६०० लिटर पाणी बसतं. पुढे आपण ५८० धरू. सम्प असेल तर त्यातलं पाणी औषधाच्या मात्रेसाठी मोजायचं, प्रवाह ठरवताना नाही.

तासाला टाकीचं पाणी किती वेळा फिरलं पाहिजे?

फिल्टरमधून तासाला चार ते सहा वेळा, हा माझ्या मते गोड्या पाण्यासाठी पुरेसा आकडा आहे. आपल्या टाकीला म्हणजे तासाला २३०० ते ३५०० लिटर. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, मोठे गोल्डफिश असे भरपूर खाणारे आणि तितकीच घाण करणारे मासे असतील तर वरच्या टोकाला राहा. डिस्कस किंवा एंजल असतील तर खालच्या.

‘दहापट पाहिजे’ असं सर्रास सांगितलं जातं. ते सांगणारे बहुधा खोक्यावरचे आकडे जोडत असतात, आणि खोक्यावरचे दहापट म्हणजे प्रत्यक्षात पाच-सहापटच भरतात. शिवाय गाळणं आणि पाणी हलवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अमोनिया खाणारे जिवाणू बायोमीडियावर, म्हणजे फिल्टरमध्ये भरलेल्या सच्छिद्र तुकड्यांवर राहतात. त्यांची ताकद मीडियाचा पृष्ठभाग आणि त्यांना मिळणारा ऑक्सिजन यांवर ठरते. पुरेसं पाणी पोचत असेल तर प्रवाह दुप्पट केल्याने जिवाणू दुप्पट काम करत नाहीत, कारण त्यांच्या वाट्याला येणारा अमोनिया तेवढाच असतो. कमी पडत असेल तर मीडिया वाढवा, मासे कमी करा, पाणी जास्त वेळा बदला. पंप मोठा करणं हा त्यावरचा इलाज नाही.

खोक्यावर ३००० लिटर लिहिलंय, मग टाकीत पाणी इतकं कमी का पडतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक चुकीच्या खरेद्यांचं मूळही यातच आहे.

खोक्यावर दोन आकडे असतात. एक तासाला किती लिटर (एलपीएच) आणि दुसरा एच-मॅक्स. पहिला आकडा पंपाला काहीही वर चढवायचं नसताना, पाइप न जोडता मिळणारा प्रवाह सांगतो. दुसरा आकडा ज्या उंचीवर प्रवाह शून्य होतो ती उंची सांगतो. ‘एच-मॅक्स २.५ मीटर’ याचा अर्थ पंप अडीच मीटरवर पाणी पोचवेल असा नाही. अडीच मीटरवर पाणी पाइपात नुसतं उभं राहील, थेंबही बाहेर पडणार नाही. तुमची टाकी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते.

अंदाजासाठी सरळ रेषा धरा. उंची एच-मॅक्सच्या निम्मी असेल तर प्रवाह निम्मा. चांगल्या पंपाचा आलेख थोडा फुगीर असतो, त्यामुळे हा अंदाज जरा सावध येतो, आणि खरेदी करताना सावध अंदाजच बरा. पंपासोबत आलेखाचा कागद आला असेल तर अर्थातच तो वापरा. तो कागद सांभाळून ठेवण्यासारखा असतो आणि लोक तोच खोक्याबरोबर फेकून देतात.

हेड कसा मोजायचा?

हेड म्हणजे पंपाला पाणी जितकं वर चढवायचं ती उंची. सम्पमधल्या पंपाच्या कप्प्यातल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत टेप धरा. पंप किती खोल बुडालाय याला महत्त्व नाही, पातळी ते पातळी एवढंच मोजायचं. परतीचा, म्हणजे सम्पमधून वर टाकीत जाणारा पाइप पाण्यात न बुडता वरून पडत असेल तर त्याच्या तोंडापर्यंत मोजा. अडीच फुटी स्टँडवर ही टाकी असेल तर अंतर साधारण १.१ मीटर येतं.

याच्यावर पाइपातलं घर्षण चढतं, आणि ते विसरलं जातं. पाणी लांब पाइपातून जाताना, प्रत्येक एल्बोत (काटकोनी जोडात) वळताना जोर गमावतं. तो गमावलेला जोरही मीटरमध्येच मोजतात आणि उंचीत मिळवतात.

बाहेर ठेवलेल्या कॅनिस्टरला (बंद डब्याच्या फिल्टरला) मात्र उंचीचा हा हिशेब लागत नाही. तिथे पाणी टाकीतून खाली येतं आणि त्याच टाकीत परत जातं, सगळं भरलेल्या बंद नळीत. खाली येणारं पाणी वर जाणाऱ्याला तोलून धरतं. तिथे उरतं ते घर्षण आणि मीडियाचा अडथळा. कॅनिस्टरवरचा लिटरचा आकडाही बहुधा रिकाम्या डब्याचा असतो. मीडिया भरल्यावर तो घसरतो आणि स्पंज तुंबत गेले की आणखी घसरतो.

पाइप किती इंची घेऊ?

पंपाच्या तोंडाचं माप आहे तोच पाइप घ्यायचा, असा समज आहे. तो सोडून द्या. पंपाच्या तोंडाला रिड्यूसर (दोन वेगळ्या मापांचे पाइप जोडणारा तुकडा) लावून लगेच मोठ्या पाइपावर या.

तासाला ३००० लिटर, दोन मीटर पाइप आणि चार एल्बो असा मामला धरू. आतला व्यास २० मिलिमीटर म्हणजे पाऊण इंची पाइप असेल तर घर्षणात जवळपास दोन मीटर हेड जातो. उंचीच मुळात १.१ मीटर आणि त्यावर दोन मीटर नुसत्या पाइपाने खाल्ले! तोच पाइप २५ मिलिमीटरचा, म्हणजे इंची घेतला तर तोटा ०.८ मीटरवर येतो. सव्वा इंची, म्हणजे ३२ मिलिमीटर घेतला तर ०.३ मीटरवर. व्यास जेमतेम सव्वापट वाढवला की सरळ पाइपातलं घर्षण जवळपास एक तृतीयांशावर येतं. पाऊण आणि सव्वा इंची पाइपाच्या किमतीतला फरक पंपांच्या किमतीतल्या फरकापुढे काहीच नाही. या छंदात इतक्या स्वस्तात इतकं काही देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

एल्बोऐवजी जमेल तिथे लांब वळणाचा बेंड वापरा, किंवा दोन ४५ अंशांचे तुकडे. पंपाजवळ एक युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) जरूर बसवा, नाहीतर पंप धुवायला काढताना दर वेळी पाइप कापावा लागेल.

टाकीतून सम्पमध्ये उतरणारा पाइप परतीच्या पाइपापेक्षा मोठाच हवा. वर चढणाऱ्या पाण्यामागे पंपाचा जोर असतो, खाली उतरणारं पाणी फक्त वजनाने येतं आणि सोबत हवा ओढतं. परतीला इंची असेल तर उताराला दीड इंची घ्या, आणि शेजारी तेवढाच एक राखीव पाइप ठेवा, त्याचं तोंड नेहमीच्या पातळीपेक्षा थोडं वर. मुख्य पाइपात पान किंवा मेलेला मासा अडकला तर पाणी जमिनीवर न जाता राखीव पाइपातून उतरेल. हा दुसरा पाइप अनेकांना अनावश्यक खर्च वाटतो. मला तो सगळ्या बांधणीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

थेट सांगा, या टाकीला कोणता पंप घेऊ?

सम्प असेल, परतीला इंची पाइप आणि चार एल्बो असतील आणि टाकीत खरे ३००० लिटर हवे असतील तर एकूण हेड १.१ अधिक ०.८, म्हणजे १.९ मीटर. खोक्यावर ६००० लिटर आणि एच-मॅक्स ४ मीटर असलेला पंप १.९ मीटरवर साधारण ३१०० देईल. तोच पाइप सव्वा इंची केला तर एकूण हेड १.४ मीटर होतो आणि ५००० लिटर, एच-मॅक्स ३.५ मीटरचा पंप पुरतो.

आता ‘३००० पाहिजे म्हणून ३०००’ असा विचार करून आणलेला, एच-मॅक्स २.५ मीटरचा पंप इंची पाइपावर लावला तर? हिशेबाने जेमतेम १४५० लिटर. टाकीच्या अडीचपट. ऑस्कर असलेल्या टाकीत तळाला विष्ठा साचायला लागेल आणि माणूस फिल्टरला दोष देत बसेल.

खरा प्रवाह घरी मोजता येतो का?

येतो, आणि मोजलाच पाहिजे. परतीचा पाइप टाकीच्या कडेला, नेहमीच्याच उंचीवर, बादलीत वळवा. लिटरच्या खुणा असलेली २० लिटरची बादली घ्या, दुसऱ्या माणसाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच द्या. बादली खाली जमिनीवर ठेवून मोजू नका, उंची कमी झाली की पंप फुशारकी मारतो. लिटरला ३६०० ने गुणून सेकंदांनी भागा. २० लिटरला २४ सेकंद लागले तर तासाला ३००० लिटर. सम्पमधलं पाणी खाली जात असतं, म्हणून पंपाच्या कप्प्यात तेवढं पाणी आधीच जास्त भरून घ्या.

पंप नवा असताना मोजलेला आकडा टाकीच्या मागच्या काचेवर मार्करने लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली की पुन्हा मोजून तुलना करता येते. ‘जरा कमी वाटतंय’ यावर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

कोणत्या माशांना किती प्रवाह मानवतो?

टाकीचा आकार पाहून पंप घेतात. खरं तर मासा पाहून घ्यायला हवा. तो कुठल्या पाण्यातून आलाय, तिथे पाणी धावतं की थांबतं, हा पहिला प्रश्न.

डिस्कस आणि एंजल अ‍ॅमेझॉनच्या संथ, बुडालेल्या फांद्यांच्या पाण्यातले. त्यांचं उंच, चपटं अंग प्रवाहात शिडासारखं अडतं. सतत कल्ले चालवत एकाच कोपऱ्यात दाटीने उभे राहणारे डिस्कस दिसले तर ते ‘लाजतात’ म्हणून नाही, तो कोपरा त्यातल्या त्यात शांत असतो म्हणून. गुरामी आणि फायटरही संथ पाण्यातलेच. फॅन्सी गोल्डफिशला, विशेषतः ओरांडा आणि रांचूला, पोहणंच कष्टाचं असतं. त्यांची घाण मात्र भरपूर. अशा वेळी फिल्टरचा प्रवाह पुरेसा ठेवून तो पसरवायचा: परतीच्या पाइपाला आडवा स्प्रे बार लावा, पाच-सहा फुटांचा असला तरी चालेल, आणि भोकं काचेकडे किंवा पृष्ठभागाकडे वळवा. पाणी तेवढंच फिरतं, माशाला धक्का लागत नाही.

दुसऱ्या टोकाला मलबार डॅनिओ. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतला मासा. जर्डनने १८४९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. दुकानात तो बहुधा ‘जायंट डॅनिओ’ या नावाच्या घोळक्यात मिसळलेला असतो. संथ टाकीत हा मासा वरच्या थरात येरझाऱ्या घालतो, एकमेकांच्या मागे लागतो, रंग फिका ठेवतो. त्याच टाकीत एका टोकाने जोरदार प्रवाह सोडा आणि थोडा वेळ समोर बसा. आधी एक-दोन मासे धारेत शिरतात, मागे ढकलले जातात, पुन्हा शिरतात. मग अख्खा थवा धारेकडे तोंड करून एका रांगेत उभा राहतो, शेपट्या भराभर हलताहेत पण जागा सोडत नाहीत. अंगावरचे निळे पट्टे आणि मधल्या पिवळ्या रेघा उजळतात, आपापसातली भांडणं कमी होतात. मोठ्या टाकीचं खरं सुख मला यात वाटतं.

बाला शार्क, टिनफॉइल बार्ब आणि क्लाउन लोच नद्यांतले मासे, त्यांनाही वाहतं पाणी आवडतं. हे तिन्ही पुढे फूटभर होतात, त्यामुळे सहा फुटांची टाकीसुद्धा त्यांना फार मोठी नाही. मलावी सिक्लिड तळ्यातले असले तरी खडकाळ किनाऱ्याचे, लाटांची सवय असलेले, आणि गर्दीत पाळले जातात. त्यांना मध्यम ते जोरदार प्रवाह चालतो. ऑस्करला मध्यम पुरे. त्याला गाळणं जास्त लागतं, धक्का नाही.

वेव्हमेकर लावला तर मोठ्या पंपाची गरज उरत नाही का?

वेव्हमेकर म्हणजे टाकीतच बसवून पाणी ढकलणारा छोटा पंखा. दोघांची कामं वेगळी. वेव्हमेकरला पाणी वर चढवायचं नसतं, म्हणून अगदी थोड्या वॅटमध्ये तो हजारो लिटर पाणी हलवतो. त्याचा आकडा आणि सम्पच्या पंपाचा आकडा एकमेकांत मिळवू नका. तो पाणी गाळत नाही, फक्त ढवळतो. पण सहा फुटी टाकीत तेच कमी पडत असतं: फिल्टर ३००० लिटर फिरवतो आणि तरी दूरच्या कोपऱ्यात घाण बसते. तिथे मोठा पंप घेण्यापेक्षा एक छोटा वेव्हमेकर लावणं शहाणपणाचं. आखूड बाजूच्या काचेला, पाण्याच्या मधल्या उंचीला, लांबीच्या दिशेने तोंड करून लावा. नदीतल्या माशांसाठी दोन लावता येतील, संथ पाण्यातल्या माशांसाठी एकही नको.

पाणी कुठे थांबतंय ते पाहायला उपकरण लागत नाही. भिजवलेलं थोडं खाद्य चिमटीने सोडा आणि कण कुठे जाऊन बसतात ते बघा.

एअर पंप लावलाय, मग पृष्ठभाग हलवायची काय गरज?

बुडबुड्यांतून थोडा ऑक्सिजन मिसळतो, पण मुख्य काम पृष्ठभागावर होतं. बुडबुडे खालचं पाणी वर आणतात आणि वरचा थर फोडतात, त्यांचा उपयोग मुख्यतः तोच. परतीच्या पाइपाचं तोंड पृष्ठभागाकडे किंचित वळवून सगळीकडे हलकी लहर उठवलीत तर तेच काम होतं.

उन्हाळ्यात याचं महत्त्व वाढतं. २० अंशांना पाणी लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, २५ अंशांना ८.३, आणि ३० अंशांना साडेसातच्या आसपास. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पंख्याखालची टाकीसुद्धा तिशी ओलांडते. म्हणजे ऑक्सिजन कमी असतो आणि गरम पाण्यात माशाची भूक व श्वास दोन्ही वाढलेले असतात. शिवाय पाण्यात बुडवलेल्या पंपाची जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. उन्हाळ्यात १०० वॅटचा पंप म्हणजे टाकीत मंद हीटर चालू ठेवल्यासारखंच.

लाइट गेली की सम्प भरून पाणी बाहेर येतं. काय करू?

पंप थांबला की परतीच्या पाइपातून पाणी उलटं खाली यायला लागतं, पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत. आपल्या टाकीचा पृष्ठभाग १८० गुणिले ६० सेंटिमीटर. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास ११ लिटर. पाइपाचं तोंड १० सेंटिमीटर खोल असेल तर १०८ लिटर पाणी खाली येईल. सम्प १२० गुणिले ४५ सेंटिमीटरचा असेल तर त्यातली पातळी २० सेंटिमीटर चढेल. बहुतेक सम्पमध्ये एवढी जागा मोकळी नसते, आणि हे पाणी रात्री दोन वाजता, सगळे झोपेत असताना येतं.

उपाय सोपा: परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या एक-दीड सेंटिमीटर खाली पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. भोकात शेवाळ साचतं, काच पुसताना तेही टूथब्रशने साफ करा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) एकट्यावर विसंबू नका. त्याच्या पडद्यात एक गोगलगाय अडकली की तो असून नसल्यासारखा.

बांधणी झाली की मासे सोडण्याआधी मुद्दाम स्विच बंद करा, सम्प कुठवर भरतो ते पाहा आणि चालू स्थितीत पाणी कुठवर ठेवायचं त्याची खूण करा. त्या खुणेच्या वर कधीही पाणी घालू नका. पाणी खुणेच्या खाली गेलं तर बाष्पीभवन झालंय. सम्पमध्ये ते सगळं पंपाच्याच कप्प्यात दिसतं. उन्हाळ्यात रोज पाहा, नाहीतर पंप हवा ओढेल.

लाइट तासन् तास येत नाही. मासे कसे सांभाळू?

कोकणात पावसाळ्यात हा प्रश्न दरवर्षी येतो. सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची सोय म्हणजे बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप, मोठ्या टाकीला दोन. घरात इन्व्हर्टर असेल तर मोठा पंप त्यावर टाकण्याऐवजी एअर पंप किंवा छोटा वेव्हमेकर टाका, बॅटरी कितीतरी जास्त टिकेल. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असू द्या. स्क्वेअर वेव्हवर साधे एसी पंप घरघरतात आणि तापतात.

लाइट नसताना खाद्य अजिबात घालू नका. कॅनिस्टर काही तास बंद राहिला असेल तर आतल्या जिवाणूंनी बंद डब्यातला ऑक्सिजन संपवलेला असतो. लाइट आल्यावर तो तसाच सुरू करू नका. आधी डब्यातलं पाणी बादलीत काढून टाका. वास आला तर मीडिया टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्या, मगच लावा.

एक मोठा पंप चांगला की दोन लहान?

दोन. एक बंद पडला तरी मासे सकाळपर्यंत जगतात. दोन्हींना वेगवेगळे पाइप द्या, एकाच पाइपात जोडू नका. कॅनिस्टरचंही तेच: सहा फुटी टाकीला दोन्ही टोकांना एकेक, आणि आलटून-पालटून धुवा म्हणजे जिवाणूंची वस्ती एकदम जात नाही.

एसी पंप की डीसी? विजेचं बिल किती वाढेल?

पंपाचे वॅट गुणिले २४ गुणिले ३०, भागिले १०००, एवढे महिन्याचे युनिट. ६० वॅटचा पंप महिन्याला ४३ युनिट खातो, २५ वॅटचा १८. तुमच्या बिलावर तुम्ही ज्या टप्प्यात असाल तो दर लावा. पंप चोवीस तास चालतो, म्हणून स्वस्त पण जास्त वॅटचा पंप बघता बघता महाग पडतो. दुकानात आधी वॅट वाचा, मग लिटर, मग किंमत.

डीसी पंपाचा वेग कमी-जास्त करता येतो, तेवढ्याच प्रवाहाला तो सहसा कमी वीज खातो आणि पाण्यात फक्त २४ व्होल्टच्या आसपासची वीज उतरते. त्याचा कच्चा दुवा म्हणजे अ‍ॅडॉप्टर आणि कंट्रोलर. ते सम्पच्या दमट कपाटात ठेवू नका.

कूलरची मोटर चालेल का?

नको. ती उन्हाळ्यापुरती, कूलरच्या साध्या पाण्यासाठी बनवलेली असते, वर्षभर अखंड चालण्यासाठी नाही. माशांच्या पाण्यात तुम्ही रोज हात घालता, तिथे वायरचं आणि वाइंडिंगचं सील हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग.

प्रवाह जास्त वाटतोय, व्हॉल्व्हने कमी केला तर पंप खराब होतो?

बाहेर पडणाऱ्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह लावून कमी केला तर साध्या अ‍ॅक्वेरियम पंपाला काही होत नाही, उलट वीज थोडी कमीच लागते. आत शिरणारी बाजू मात्र कधीही आवळू नका. पंपाला पाणी मिळेनासं झालं की आत बुडबुडे तयार होऊन फुटतात, आवाज येतो आणि इम्पेलर (पंपातला फिरणारा पंखा) झिजतो.

पंप काही महिन्यांतच घरघरायला लागला आणि प्रवाहही घटला.

नव्वद टक्के वेळा पंप बिघडलेला नसतो, चोंदलेला असतो. बोअरच्या जड पाण्यात इम्पेलरवर आणि चुंबकाभोवती चुन्याचा पांढरा थर बसतो. पंप काढा, पुढची टोपी फिरवून इम्पेलर ओढून घ्या, व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवा, बाटली धुवायच्या बारीक ब्रशने आतलं भोक घासा, साध्या पाण्याने खळखळून धुवा. मधली सिरॅमिकची दांडी काचेसारखी तुटते, ती जपून हाताळा. पाणी नसताना पंप चालला असेल तर हीच दांडी बहुधा आधी जाते. पंप घेतानाच सुटा इम्पेलर मिळतो का ते विचारा. मिळत नसेल तर तो पंप घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

घासूनही आवाज जात नसेल तर पंप काचेला किंवा सम्पच्या भिंतीला टेकलाय का ते पाहा. खाली स्पंजचा तुकडा ठेवला की पुष्कळदा प्रश्न मिटतो.

पाण्यात हात घातला की झिणझिण्या येतात. ते पंपामुळे का?

ताबडतोब मेन स्विच बंद करा, मग सगळे प्लग काढा. हातात काही धरून तपासत बसू नका. नंतर एकेक उपकरण बाहेर काढून वायरची साल, सीलचे तडे, हीटरची काच पाहा. ज्यावर संशय असेल ते फेकून द्या, दुरुस्त करून पुन्हा पाण्यात सोडू नका. टाकीच्या सगळ्या प्लगसाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या आणि अर्थिंग खरोखर आहे का ते तपासून घ्या. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या पिनेला वायरच नसते. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एक झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, मुलांनाही.